मनगटावरची वेळ

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेली आहे. वर्ष उलटून गेलं तरी तो राग उतरायचं नाव घेत नाही. सकाळी दवाखान्यात शिरते, टेबलाशी नवी सिस्टर बसलेली दिसते. गुणी मुलगी आहे बिचारी, वेळेवर येते, हळू बोलते. पण ती हळू बोलायला लागली की मला गावंडे सिस्टर आठवतात आणि पहिला पेशंट यायच्या आधीच माझं डोकं फिरतं.

अकोटात माझा बारा खाटांचा दवाखाना आहे. मी अमरावतीची, लग्न होऊन इकडे आले. गावंडे सिस्टर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होत्या, म्हणजे सोळा वर्षं. त्यांचं माहेर हिवरखेडचं. उंची बेताची, अंग भरलेलं, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि डोक्यावर चपचपीत खोबरेल. साडीची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. बोलणं अस्सल वऱ्हाडी, त्यात कुठे पाणी घातलेलं नव्हतं. एकदा माझी पुण्याची मावसबहीण दवाखान्यात आली होती. ती घाबरून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, बाहेर तुझी नर्स माझ्याशी भांडतेय. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर सिस्टर तिला चहात साखर किती टाकू ते विचारत होत्या.

लोक त्यांना घाबरायचे आणि तरी त्यांच्याकडेच यायचे. सर्दी-ताप, हगवण, बाळंतपणानंतरचं दुखणं, यात त्या तशा साध्याच होत्या. पण छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. आमच्याकडे कार्डिओग्राम काढता येतो, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. हृदयाची बंद झालेली नस आतून उघडायची तर अकोल्याला जावं लागतं. रस्ता चांगला असेल तर तासाभराचा, आणि रस्ता चांगला कधी नसतोच. इंजेक्शनही पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर त्याचा खरा उपयोग. नंतर नंतर ते फार काही करत नाही, उलट रक्तस्राव होऊन घात व्हायची भीती. म्हणून पहिला प्रश्न एकच असतो. दुखायला कधी लागलं?

या प्रश्नाला आमच्या भागात कोणी घड्याळ पाहून उत्तर देत नाही. कोणी म्हणतं मघाशी. कोणी म्हणतं, गाडी गेली तेव्हा. नळ आले होते तेव्हा. बाया कापूस वेचायला निघाल्या होत्या तेव्हा. सुरुवातीची दोन वर्षं मी या उत्तरांनी रडकुंडीला यायचे. सिस्टरांना मात्र हे सगळं तोंडपाठ होतं. कुठल्या गावातून कुठली गाडी किती वाजता सुटते, त्यातली कुठली कायम उशिरा येते, आज कोणत्या भागात नळ आले, कोणत्या गावात दूध किती वाजेपर्यंत घेतात. गाद्या भरणारे एक चाचा आले होते, ते म्हणाले नमाजनंतर दुखायला लागलं. सिस्टरांनी लगेच विचारलं, "फजर के बाद या जोहर के बाद?" आणि फजर म्हटल्यावर बोटांवर काहीतरी मोजून मला म्हणाल्या, पावणेसहा लिहा. थंडीत तीच नमाज उशिरा होते हेही त्या धरायच्या. मला हे कोणत्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

त्याहून मोठी पीडा म्हणजे लोक वेळ खोटी सांगायचे. मुद्दाम नाही, ओरडा बसेल म्हणून. रात्रभर घरी सोडा पाजला, ओवा चघळायला दिला, पाठ चोळली, हे कोणाला सांगायचं नसतं. मग बापाला घेऊन आलेला मुलगा छातीठोकपणे म्हणतो, आत्ताच, अर्धा तास झाला असेल. सिस्टर त्याच्याकडे पाहायच्याच नाहीत. त्या सुनेला नाहीतर बायकोला गाठायच्या आणि भलतंच काहीतरी विचारायच्या. म्हैस कोणी पिळली? दूध डेअरीत कोणी नेलं? बाबानंच नेलं, असं ती बाई भाबडेपणानं सांगायची. दुखत असताना नेलं? तर म्हणे, तेव्हा थोडंच दुखत होतं. झालं. सिस्टर तिथल्या तिथे वेळ काढायच्या, पेशंटचा डावा हात ओढायच्या आणि मनगटावर बॉलपेननं ती वेळ लिहायच्या.

मनगटावर का, याचीही कथा आहे. आधी आम्ही चिठ्ठी द्यायचो. एका पेशंटची चिठ्ठी त्याच्या मामाच्या खिशात राहिली आणि मामा अर्ध्या वाटेवर गाडीतून उतरून आपल्या गावी निघून गेला. अकोल्यातल्या डॉक्टरांना सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावं लागलं, आणि सांगणारा त्यात एक तास चुकला. त्यानंतर सिस्टरांनी कागदावरचा विश्वास सोडला. पेशंटले मामाच्या खिशात ठेवता येत नाही ना, म्हणायच्या. मी आधी हसले होते. नंतर अकोल्याहूनच फोन यायला लागले, तुमच्याकडचा पेशंट आला की आम्ही आधी मनगट पाहतो म्हणून.

आता त्यांच्या रागाबद्दल. त्यांचा सगळ्यात मोठा राग आंघोळीवर होता.

आमच्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे परगावी जायचं, आणि परगावी घाणेरड्या कपड्यांत जायचं नाही. माणसाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असलं तरी तो आधी आंघोळ करतो. घरचे त्याला पाणी गरम करून देतात. एक निवृत्त हेडमास्तर आले होते. चाळीस वर्षं पोरांना आरोग्याचे धडे शिकवलेले गुरुजी. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर अष्टगंध, दाढी गुळगुळीत. आणि घामानं तो सदरा पाठीला चिकटलेला. सिस्टरांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, केस ओले होते. विचारलं, आंघोळ केली? हो म्हणाले, गरम पाण्यानं. दाढी? तीही केली, चार लोक पाहतात ना.

"मंग फोटोच काढून घ्याचा होता, गुरुजी," सिस्टर म्हणाल्या. "वरतून हार घालाले बरं पडलं असतं."

गुरुजींची बायको रडायला लागली. मी सिस्टरांना आत बोलावून चांगलं झापलं. पेशंटशी असं बोलतात का, काही माणुसकी आहे की नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मले रागवा, पण त्याइच्या दाढीले अर्धा घंटा लागला तो आता कोन भरून देणार? गुरुजी वाचले, पण घरापासून शाळेपर्यंत चालायला जमेना इतके थकले. पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत होते, दुखलं तर तसेच निघा, धोतर सुटलेलं असलं तरी निघा.

आणि डबा. डब्याचं सांगितलं नाही तर सिस्टर कळायच्या नाहीत.

तेल्हाऱ्याकडचा एक पेशंट होता, पंचेचाळिशीचा, सुरेश नाव. धट्टाकट्टा माणूस. मोठा अटॅक. आम्ही करायचं ते केलं आणि म्हटलं, लगेच अकोल्याला न्या. नातेवाईक बाहेर व्हरांड्यात गोल करून उभे राहिले. मी वाट पाहत होते की आता विचारतील, डॉक्टर कोणता चांगला, मशीन कुठलं चांगलं. मी कागदावर हृदयाचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी त्यांच्यातला थोरला आत आला आणि म्हणाला, अमरावतीला नेतो. अमरावती दुप्पट लांब. मी म्हटलं, का? तर तो म्हणाला, अकोल्यात आपलं कोणी नाही, अमरावतीत पोरगी दिलेली आहे. अकोल्यात डबा कोण देईल?

मी ओरडले, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. सिस्टरही गाडीपर्यंत गेल्या, त्यांच्या मागे लागल्या. सगळे शांतपणे ऐकून घेत होते आणि गाडीत बसत होते. ती गाडी दर्यापूरच्या पुढे गेली नाही. तिथूनच परत फिरली.

तिसऱ्या दिवशी सिस्टर सुटी घेऊन अकोल्याला गेल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. त्यानंतर छातीत दुखणारा कोणीही आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. अकोल्याले डब्याची सोय झालेली आहे, आता पुढचं आयका. अकोल्यात त्यांची नणंद होती, नलूबाई. ओळख ना देख, अकोटाकडून आलेल्या पेशंटच्या माणसांना ती दोन वेळचा डबा पोचवायची. पोळ्या, वरण, वांग्याची भाजी. मी एकदा विचारलं की नलूबाईंना हे चालतं का, तुम्ही त्यांना विचारलं होतं का? सिस्टर म्हणाल्या, तिले इचाराचं काय, सांगतलं तिले. आणि खरंच, त्या एका वाक्यानं माणसं अकोल्याला जायला लागली. मी सहा वर्षं चित्र काढून जे सांगत होते ते लोकांना वरण-पोळीनं पटलं. हे आठवलं की मला अजून हसावं की चिडावं कळत नाही.

असं नका समजू की त्या फक्त गावच्या लोकांवर चिडायच्या. त्यांचा राग दोन्ही बाजूंनी चालायचा. हिवरखेडचे दोन भाऊ होते, सिस्टरांच्या माहेरच्या गल्लीतले. थोरल्याचं गावात किराणा दुकान, धाकटा पुण्यात कंपनीत. एकाच वर्षी दोघांना सारखाच अटॅक आला, सारखीच नस. धाकट्याला शेजाऱ्यानं गाडीत घातलं आणि वीस मिनिटांत तो मोठ्या हॉस्पिटलात टेबलावर होता. आता तो गड चढतानाचे फोटो पाठवतो. थोरल्याला आधी सोडा दिला, मग गावातल्या डॉक्टरनं पित्ताचं इंजेक्शन दिलं, मग गाडी चुकली, मग दुसरी गाडी. आमच्याकडे आला तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. जगला. पण दुकानातून घरी जाताना तीनदा ओट्यावर बसतो.

धाकटा भावाला भेटायला आला तेव्हा पेढे घेऊन आमच्याकडे आला होता. चांगला माणूस, पण बोलता बोलता म्हणाला, दादानं तब्येतीकडे कधी लक्षच दिलं नाही हो, मी रोज पळतो. सिस्टर पेढा हातात घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी परत डब्यात ठेवला.

"तुमी पळता म्हनून नाही वाचले, भाऊ," त्या म्हणाल्या. "दवाखाना जवळ होता म्हनून वाचले. तुमचा दादा गोन्या उचलत होता तवा तुमी खुर्चीवर बसून होते."

तो बिचारा वरमला. मी विषय बदलला. पण तो गेल्यावर सिस्टर कितीतरी वेळ बडबडत होत्या. पुण्याचं दिल काही वेगळ्या मातीचं नसते. एकाच मायनं दोघाइले पाजलं. मंग एक गड चढते अन् एकाले बादली उचलत नाही, हे काहून? त्यांचा हा प्रश्न मला होता, जसं काही रस्ते मी बांधले होते आणि दवाखाने कुठे उघडायचे ते मीच ठरवलं होतं. मी म्हटलं, मला काय विचारता? तर म्हणाल्या, मंग कोनाले इचारू? इथं तुमीच आहे.

इतकं सगळं कळणारी बाई. आणि स्वतःच्या बाबतीत शुद्ध दगड. साखर होती त्यांना, गोळ्या घ्यायच्या कधी, विसरायच्या कधी. मी म्हणायचे, सिस्टर, एकदा तुमचा कार्डिओग्राम काढू. मले काय धाड भरली, म्हणायच्या. साखर असलेल्या बाईला छातीत दुखेलच असं नाही, जबडा दुखेल, पाठ भरून येईल, नुसता घाम येईल, हे मी त्यांच्यादेखत शंभर बायांना सांगितलेलं. त्यांनीही पुढे हजार बायांना सांगितलेलं. आपण त्या बायांत मोडतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून प्रियंका, बाळापूरची, बी.एस्सी. झालेली. भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. सिस्टरांकडे महालक्ष्म्या सासूपासून चालत आलेल्या, आणि आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे गंमत नव्हे. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, आणि पन्नास-साठ पानं. तीन दिवस सिस्टरांनी सुटी घेतली होती. मला जेवायचं बोलावणं होतं. मी जेवणाच्या दिवशी साडेबाराला गेले.

हे मी स्वतःला रोज सांगते म्हणून इथेही सांगते. मी गेले. मखरापुढे हळदीकुंकू वाहिलं. पहिल्या पंगतीला बसले. सिस्टर स्वतः वाढत होत्या, हिरव्या बांगड्या, लाल काठाची साडी. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. पुरणपोळीचं ताट त्या एरवी डाव्या हातावर पेलायच्या, त्या दिवशी त्यांनी ते उजव्या हातानं कमरेशी टेकवून धरलं होतं. मी पाहिलं. विचारलंसुद्धा, काय झालं? त्या म्हणाल्या, चुलीची धग लागली. आणि माझ्या पोळीवर तूप वाढलं. मी सोळा वर्षं असे पेशंट पाहणारी डॉक्टर, मी ते तूप पोळीला लावून खाल्लं आणि दोनला दवाखान्यात येऊन बसले.

चार वाजता प्रियंका त्यांना घेऊन आली. शेवटची पंगत उठली होती. प्रियंकाच्या हातांना पीठ होतं. तिनं सासूला भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं आणि कोणाला न विचारता शेजारची गाडी बोलावली. सिस्टर म्हणत होत्या, थांब, साडी बदलते. तिनं बदलू दिली नाही. त्या तशाच आल्या, तेलाचे डाग पडलेली साडी, पदर खोचलेला, पायांत एक चप्पल स्वतःची आणि एक दुसऱ्या कोणाची. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मी कार्डिओग्राम लावला आणि विचारलं, किती वाजता?

"तुमी जेवून गेल्यावर," त्या म्हणाल्या. "अडीच वाजता."

मी बॉलपेन घेतलं, त्यांचा हात ओढला, बांगड्या वर सारल्या आणि मनगटावर लिहिलं, अडीच. दीड तास म्हणजे वेळ होती. मी इंजेक्शन काढायला सांगितलं. तेवढ्यात मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली आणि मी ती पाहिली. ती पट्टी दीड तासाची नव्हती. हृदयाचा एक भाग कितीतरी आधीच मरायला लागला होता. आणि तो घाम, ते कमरेशी टेकवलेलं ताट मला आठवलं. साडेबाराला मी तिथेच होते. इंजेक्शन मी हातात धरून ठेवलं.

सोळा वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांच्या खोट्या वेळा पकडल्या, ती माझ्यासमोर पडून मला खोटी वेळ सांगत होती. मला संताप आला. मग मी तेच केलं जे त्यांनी केलं असतं.

"सिस्टर, पुरणाची डाळ शिजायला टाकली होती का?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"टाकली होती," त्या म्हणाल्या.

"आंबील?"

"आंबील व्हायची होती."

त्यांच्याकडे महालक्ष्म्यांच्या दिवशी पहाटे पाचला डाळ चढते आणि साडेपाचला आंबिलीला सुरुवात होते. सोळा वर्षांत त्यांनी मला हे इतक्यांदा सांगितलं होतं की मला मोजावं लागलं नाही. अकरा तास. अकरा तास ती बाई जबडा आवळून सोळा भाज्या करत होती, पानं वाढत होती, मला तूप वाढत होती. मी म्हटलं, काहून? माझ्या तोंडून अमरावतीचं शिकलेलं मराठी निघालं नाही, सिस्टरांचं वऱ्हाडीच निघालं.

"पोरगी पहिल्यांदा महालक्ष्म्याइले उभी होती, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "मी आडवी पडली असती, त लोकाइनं तिच्या पायगुनावर टाकलं असतं. जल्मभर."

प्रियंका तिथेच उभी होती. तिनं पिठाचे हात साडीला पुसले.

इंजेक्शन मी परत ठेवलं. अकरा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नव्हता, धोकाच जास्त होता. गोळ्या दिल्या आणि अकोल्याला फोन केला. गावंडेदादा, म्हणजे सिस्टरांचे यजमान, धावत आले होते, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा साधा गरीब माणूस. घाबरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, अमरावतीले न्याचं का, तिथं हिचा भाऊ आहे? सिस्टरांनी पडल्या पडल्या त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते गप्प झाले. त्या अवस्थेतही मला हसू आलं आणि त्याचाही मला राग आला.

अकोल्यात त्यांची नस उघडली. उघडली, पण मागे जे मेलं होतं ते मेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. नलूबाई तिन्ही दिवस डबा घेऊन येत होती, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहायची. तेराव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर दोन बायका स्वयंपाकघराच्या दाराशी कुजबुजत होत्या, पहिल्याच महालक्ष्म्याइले सासू खाल्ली म्हणून. सिस्टरांनी अकरा तास ज्यासाठी दात आवळले, ते तेरा दिवसांतच फुकट गेलं होतं. मी सगळ्यांसमोर त्या बायकांना झापलं. म्हटलं, ही पोरगी नसती तर सिस्टर मखरापुढेच गेल्या असत्या, अकोल्यापर्यंत पोचल्याही नसत्या. ते खरंही आहे. पण मी जे बोलले ते सिस्टरांनाच बोलायचं होतं, आणि त्या तिथे नव्हत्या.

तर मी चिडलेली आहे. त्यांच्यावर, त्या बायकांवर, अकोल्याच्या रस्त्यावर, आणि त्या पोळीवरच्या तुपावर. पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अशा. गाडीचं मागचं दार उघडं होतं, स्ट्रेचर आत सरकवलं होतं, प्रियंका त्यांच्या उशाशी बसली होती. मी दार लावणार तेवढ्यात सिस्टरांनी डावा हात बाहेर काढला. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकलेल्या, मनगटावर माझ्या अक्षरातलं अडीच.

"खोडा ते," त्या म्हणाल्या. "खरी येळ लिहा. अकोल्याचे डॉक्टर फसतीन."

मी अडीच खोडलं आणि त्याखाली सव्वापाच लिहिलं. त्यांनी हात डोळ्यांजवळ नेऊन ते वाचलं, नीट लिहिलंय का पाहिलं, आणि मग हात आत घेतला.